नाबाद ६३

खेळावरच्या लेखात मृत्यू आला की आपली लेखणी सैल सुटते. ‘काळाने घाला घातला’, ‘क्रिकेटविश्व शोकसागरात बुडाले’... असल्या वाक्यांत कुठल्याही खेळाडूचं नाव घाला, चालून जातं. गोम तिथेच आहे.

फिल ह्यूजचं बघा. २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. साउथ ऑस्ट्रेलियाकडून ६३ धावांवर खेळताना शॉन ॲबटचा बाउन्सर त्याच्या मानेवर आदळला. २७ तारखेला तो गेला. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. इथे विशेषण कशाला? तारखाच पुरतात.

सगळ्यात भेदक ओळ तर स्कोअरकार्डात आहे. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने ‘जखमी निवृत्त’ बदलून ‘नाबाद ६३’ केलं. रोजचा कोरडा शब्द! लिहिणाऱ्याने तो नोंदवावा आणि बाजूला व्हावं. ‘मृत्यूही त्याला बाद करू शकला नाही’ असं शेपूट जोडलं की माती झालीच.

आणि ॲबट? तेव्हा अवघा २२ वर्षांचा. २०१६ च्या चौकशीत कुणालाच दोषी धरलं नाही. तरी ‘ॲबटने ह्यूजचा जीव घेतला’ असं लिहिलं, तर एका क्रियापदाने तो पोरगा जन्मभर आरोपी ठरतो.