माझ्या सेटिंगला हात लावू नका!

हॉस्टेलमध्ये भांडणं कशावरून होतात याची यादी केली, तर मेसची भाजी, बाथरूमचा नंबर आणि पहाटे वाजत राहणारा कुणाचा तरी अलार्म यांच्या खालोखाल एक कारण हमखास येईल : "माझी सेन्सिटिव्हिटी कोणी बदलली रे?" रूमवर गेम चालेल असं मशीन एक आणि खेळणारे पाच. एकाला माऊस जड लागतो, दुसऱ्याला पळता. एकजण स्क्रोल व्हीलने उडी मारतो, दुसरा स्पेसबारने. आणि प्रत्येकाला वाटतं की आपलं सेटिंग तेवढं नॉर्मल, बाकीच्यांची नाटकं.

पण मित्रांनो, ही नाटकं नाहीत. या आवडीनिवडीमागे हाताची ठेवण आहे, टेबलाची लांबी आहे आणि चक्क की-बोर्डच्या आतलं वायरिंग आहे. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा भांडण्याआधी मोजून तरी घेऊ. (सरांनीही वाचायला हरकत नाही, पुढे कॅड लॅबचा विषय येणार आहे.)

आधी थोडा इतिहास. आज डब्ल्यू-ए-एस-डी म्हणजे जणू देवाने दिलेल्या चार कीज असं वाटतं. तसं काही नाही. १९९३ साली आलेला 'डूम' लोक ॲरो कीजवर खेळायचे. उजवा हात ॲरोवर, डावा कंट्रोल आणि स्पेसवर. त्यात वर-खाली बघायची सोयच नव्हती आणि माऊस पुढे सरकवला तर माणूस पुढे चालायचा! १९९६ च्या 'क्वेक'मध्ये खरी थ्री-डी जागा आली, शत्रू डोक्यावरच्या माळ्यावरूनही मारू लागला, आणि बघण्याचं काम माऊसकडे गेलं. माऊस उजव्या हातात आल्यावर चालण्याचं काम डाव्या हाताला करणं भाग पडलं, आणि डाव्या हाताला ॲरो कीज लांब पडतात. मग ज्याने त्याने आपापल्या कीज शोधल्या.

त्यात डेनिस फाँग, टोपणनाव थ्रेश, हा खेळाडू डब्ल्यू-ए-एस-डी वापरायचा. १९९७ साली त्याने क्वेकची मोठी स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून 'क्वेक'चा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याची स्वतःची फेरारी घरी नेली. आता फेरारी जिंकणाऱ्याची बोटं जिथे, तिथे सगळ्यांची बोटं, हे ओघानंच आलं. त्याच वर्षीच्या 'क्वेक २' मध्ये त्याच्या नावाची कॉन्फिग फाईलही होती. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'ने ह्याच चार कीज मुळातच देऊन ठेवल्या, आणि त्याच गेममधून पुढे आपलं लाडकं 'काउंटर-स्ट्राइक' निघालं.

म्हणजे ही प्रथा आहे, नियम नाही. तरी प्रथा टिकली याला कारण आहे. तीन बोटं चार कीजवर बसतात, करंगळीखाली शिफ्ट आणि कंट्रोल येतात, अंगठ्याखाली स्पेस, आणि तर्जनी सहज ई, आर, एफ गाठते. काहीजण हात एक घर उजवीकडे सरकवून ई-एस-डी-एफ वापरतात. त्यांचा मुद्दा असा की टायपिंगला तर्जनी एफवर असते (तिथला उंचवटा चाचपून बघा), शिवाय डावीकडे आणखी कीज मोकळ्या मिळतात. मुद्दा बरोबर आहे. पण करंगळी छोटी असेल तर कंट्रोल लांब जातो, आणि बसून-बसून खेळणाऱ्याला ते परवडत नाही.

फ्रान्समध्ये तर की-बोर्डच वेगळा. तिथे डब्ल्यूच्या जागी झेड आणि एच्या जागी क्यू असतो, म्हणून तिकडचे लोक झेड-क्यू-एस-डी वर खेळतात. अक्षरं वेगळी, जागा त्याच. की-बोर्ड खरं तर कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही, कोणत्या जागेची की दाबली त्याचा नंबर पाठवतो. त्याला स्कॅन कोड म्हणतात. अक्षर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. गेमने जागेचा नंबर वाचला तर काही बिघडत नाही. अक्षर वाचलं तर गंमत होते. समजा, तुम्ही मराठी इनस्क्रिप्टमध्ये असाइनमेंट टाइप करता करता तसाच गेम चालू केलात. डब्ल्यूवर दोन मात्रा, एवर काना-मात्रा, एसवर एक मात्रा, आणि डीवर? डीवर हलन्त. म्हणजे उजवीकडे जायचं म्हटलं की पायच मोडलेला! (मी कॉन्व्हेंटवाला असलो तरी 'पाय मोडणे' हा व्याकरणातला शब्दप्रयोग मला माहीत आहे, आजीच्या कृपेने.)

आता माऊस. सगळ्यात जास्त भांडणं इथेच. माऊस जेव्हा सरकतो तेव्हा तो 'मी कुठे आहे' हे सांगत नाही, 'मी किती काउंट सरकलो' एवढंच सांगतो. माऊस ८०० डीपीआयचा आहे म्हणजे एक इंच सरकवल्यावर तो ८०० काउंट पाठवतो. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये प्रत्येक काउंटला तुमची नजर ०.०२२ अंश फिरते, गुणिले सेन्सिटिव्हिटी. बास, एवढंच गणित आहे. पूर्ण गोल फिरायला किती इंच लागतील? ३६० भागिले (०.०२२ × सेन्सिटिव्हिटी × डीपीआय).

उदाहरण घेऊ. सेन्सिटिव्हिटी ३, माऊस ८०० डीपीआय. छेदात येतात ५२.८, उत्तर सुमारे ६.८ इंच, म्हणजे १७ सेंटिमीटरच्या थोडं वर. आता दुसरा गडी : सेन्सिटिव्हिटी २, माऊस ४०० डीपीआय. छेदात १७.६, उत्तर साधारण २०.५ इंच, म्हणजे ५२ सेंटिमीटर! पहिला मनगटाने खेळतो, दुसरा अख्ख्या हाताने. दुसऱ्याला नुसतं मागे वळून बघायलाही २६ सेंटिमीटर जागा लागते. आता आपलं हॉस्टेलचं टेबल आठवा. त्यावर मॉनिटर, की-बोर्ड, लोकल ऑथरचं पुस्तक, चहाचा कालचा कप. उरलेल्या जागेत २६ सेंटिमीटर बसवून दाखवा! म्हणून हळू माऊसवाला जेव्हा तुमचं पुस्तक उचलून पलंगावर फेकतो, तेव्हा त्यात तुमचा अपमान नसतो, भूमिती असते.

नेम लावायला हळू माऊस बरा, कारण हाताची बारीक थरथर पडद्यावर कमी दिसते. झटकन वळायला वेगवान बरा. कुठे थांबायचं हे तुमचा हात आणि तुमची जागा ठरवते. मला स्वतःला ३० सेंटिमीटरच्या आसपास बरं वाटतं, पण हे माझं झालं.

आणि नुसता 'सेन्सिटिव्हिटी ३' हा आकडा मित्राला सांगण्यात अर्थ नाही. त्याचा माऊस १६०० डीपीआयचा असेल तर तोच ३ त्याला भोवऱ्यासारखा फिरवेल. सांगायचंच तर सेंटिमीटर सांगा. माऊसचा डीपीआय माहीत नसला तरी चालतं. गेममध्ये भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नेम धरा, पट्टी ठेवा, माऊस सरकवत पुन्हा त्याच खुणेवर या, अंतर मोजा. कुठल्याही गेममध्ये तेवढंच अंतर येईपर्यंत सेटिंग बदलत राहा, हाताला नवीन काही शिकावं लागणार नाही. फक्त विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' आधी बंद करा. ते चालू असलं आणि गेम विंडोजकडूनच माऊसची हालचाल घेत असला, तर माऊस जोरात ढकलल्यावर जास्त आणि हळू ढकलल्यावर कमी फिरवतो. मग पट्टीने मोजलेलं सगळं पाण्यात.

आता वायरिंगकडे वळू. एकाच की-बोर्डवर दोघांनी फुटबॉल किंवा फायटिंग गेम खेळताना "अरे मी दाबलं होतं!" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलं आहे, आणि कोणीही त्यावर विश्वास ठेवलेला नाही. पण तो बऱ्याचदा खरं बोलत असतो.

की-बोर्डवर शंभराच्या वर कीज असतात. प्रत्येकीला वेगळी तार दिली तर शंभर तारा. म्हणून आडव्या आणि उभ्या तारांची जाळी करतात. ८ आडव्या आणि १६ उभ्या, अशा २४ तारांत १२८ कीज बसतात. आतला कंट्रोलर एकेक तार तपासत जातो. एक की दाबली, ठीक. दोन दाबल्या, तरी ठीक. पण तीन कीज अशा दाबल्या की त्या जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे झाल्या, तर करंट त्या तिघींतून फिरून चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, आणि न दाबलेली चौथी कीसुद्धा दाबल्यासारखी दिसते. याला घोस्टिंग म्हणतात. खरी कोण आणि भूत कोण हे कंट्रोलरला कळत नाही, म्हणून तो सरळ तिसरी की नाकारतो. प्रत्येक कीला एक डायोड लावला की प्रश्न सुटतो, पण स्वस्तातल्या की-बोर्डला ते कोण लावणार? शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांना दुसऱ्या कीजबरोबर दाबायचंच असतं, म्हणून त्यांची जोडणी सहसा अशी करतात की त्या अडकत नाहीत.

करून बघा. नोटपॅड उघडा, एकाने आपल्या दोन कीज दाबून धरायच्या आणि दुसऱ्याने आपल्या एकेक करून दाबायच्या. जी उमटत नाही ती बदला. कोणती अडकेल हे कंपनीगणिक वेगळं असतं, त्यामुळे शेजारच्या रूमचं सेटिंग तुमच्याकडे चालेलच असं नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या रूममधून एक यूएसबी की-बोर्ड आणून जोडायचा. दोघांच्या जाळ्या वेगळ्या, विंडोजला दोन्ही सारखेच. तारेत भूत नाही, भांडणात दम नाही.

आमच्या विंगमध्ये एक डावखुरा मित्र आहे. बरेच डावखुरे उजव्या हाताने माऊस चालवतात आणि खूश असतात. ह्याला ते कधी जमलं नाही. लॅनवर कायम शेवटचा नंबर. पोरं त्याला 'फुकटचा पॉइंट' म्हणायची. हळूहळू त्याने येणं बंद केलं, सगळे खेळत असताना तो कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत फिरायचा. माऊसची वायर आखूड आणि टेबल डावीकडून भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे डावीकडे माऊस घेण्याचा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नव्हता. गेल्या सेमिस्टरला टेबल दीड फूट सरकवलं, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा माऊस घेतला, आणि त्याने चालणं आय-जे-के-एल वर नेलं. अंगठ्याला स्पेस तसाच राहिला. रीलोड, दरवाजा, बसणं असल्या पंधराएक कीज उजवीकडे आणायला एक रविवार गेला. चमत्कार वगैरे झाला नाही. दोन-तीन आठवड्यांनी तो मधल्या नंबरावर आला, आजही तिथेच आहे. पण येतो. आणि टेबल कोणी परत सरकवलेलं नाही.

एक जमात राहिली : माऊस पुढे ढकलला की खाली बघणारे, म्हणजे इन्व्हर्टवाले. त्यांना विचारलं तर म्हणतात, आम्ही लहानपणी विमानाचे गेम खेळलो, स्टिक पुढे ढकलली की विमानाचं नाक खाली. पटण्यासारखं आहे. पण लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं, आणि २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षात लोकांनी दिलेली असली कारणं टिकली नाहीत. एखादा आकार मनातल्या मनात किती पटकन फिरवता येतो, याच्याशी त्या सवयीचा जास्त संबंध दिसला. तेव्हा इन्व्हर्टवाल्याला सुधारायला जाऊ नका. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये एम-पिच या आकड्यापुढे उणे चिन्ह लावलं की त्याचं काम होतं.

प्रत्येकाने आपल्या कीज, सेन्सिटिव्हिटी आणि हे उणे चिन्ह आपल्या नावाच्या वेगळ्या कॉन्फिग फाईलमध्ये लिहून ठेवायचं. गेमची मूळ फाईल बाहेर पडताना पुन्हा लिहिली जाते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. बसलं की कन्सोल उघडून 'एक्झेक' आणि आपल्या फाईलचं नाव, दोन सेकंदांत मशीन तुमचं. उठताना काही पूर्ववत करायची गरज नाही, पुढचा आपली फाईल चालवेल.

कॅड लॅबमध्ये हेच भांडण जरा सभ्य आवाजात चालतं. ऑटोकॅडमध्ये व्हील पुढे फिरवलं की ड्रॉइंग जवळ येतं, सॉलिडवर्क्समध्ये मूळ सेटिंगला लांब जातं. सोमवारी एक प्रॅक्टिकल आणि मंगळवारी दुसरं, त्यामुळे मेकॅनिकलची पोरं आठवडाभर उलटसुलट झूम करत असतात. ऑटोकॅडमध्ये कमांड लाइनवर 'झूमव्हील' टाइप करून ० चं १ केलं की दिशा उलटते. सॉलिडवर्क्सच्या ऑप्शन्समध्येही दिशा उलटवायची टिकमार्क आहे. दोन्हीपैकी एकच बदला. दोन्ही बदललेत तर पुन्हा तिथेच!