कागद नाही म्हणून हक्क नाही काय?
(तस्करीस व गंभीर गुन्ह्यांस बळी पडलेल्या स्थलांतरितांच्या शासकीय मदतीविषयी अभ्यासलेख)

प्रभादेवी हा मुळात बाहेरून आलेल्या माणसांचा परिसर आहे. कोकणातून, साताऱ्याकडून, देशावरून आलेले आपले वाडवडील येथे गिरणीच्या भोंग्यावर जगले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्या इमारतींच्या बांधकामासाठी, पहाऱ्यासाठी, धुण्याभांड्यांसाठी पुन्हा बाहेरून माणसे येऊ लागली. फरक एवढाच की, गिरणी कामगार मुंबईत उतरला की तो गावच्या मंडळाच्या खोलीत जात असे. आज झारखंड, बिहार, बंगाल किंवा नेपाळमधून येणाऱ्यांपैकी अनेकजण थेट एजंटाच्या ताब्यात जातात. त्यातील काहींना फसवून आणलेले असते, काहींना उचल देऊन बांधलेले असते, तर काही मुलींना चक्क विकलेले असते.

अशी एखादी व्यक्ती सुटून मदतीसाठी आली की आपल्या कार्यकर्त्यांपुढे प्रथम प्रश्न उभा राहतो तो असा : “हिच्याकडे रेशनकार्ड नाही, आधार नाही, ही आपल्या राज्यातली नाही, कदाचित देशातलीही नाही. मग हिला शासनाकडून काय मिळणार?” या प्रश्नातच अर्धा पराभव दडलेला आहे. कारण पीडित व्यक्तीला मिळणारी बरीचशी मदत ती कोठली आहे यावर अवलंबून नसते, तिच्यावर कोणता अन्याय झाला यावर अवलंबून असते. हीच गोष्ट प्रस्तुत लेखात आम्ही कायद्याच्या आधाराने मांडणार आहोत.

घटनेतील एक शब्द

भारतीय राज्यघटनेत काही हक्क ‘नागरिकां’ना दिलेले आहेत, तर काही ‘व्यक्तीं’ना. भाषणस्वातंत्र्य, देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य हे कलम १९ मधील हक्क नागरिकांचे आहेत. परंतु जीविताचे संरक्षण देणारे कलम २१ कोणत्याही ‘व्यक्ती’साठी आहे. कलम २३ तर माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना सरसकट मनाई करते. त्यात नागरिकत्वाची अट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या हाताखालून गेलेल्या या घटनेत हा शब्दभेद सहज राहून गेलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ दोन प्रसंगी स्पष्ट केला. १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीदेखील कलम २३ खालची सक्तीची मजुरीच होय. हातात बेडी असलीच पाहिजे असे नाही. भूक आणि नाइलाज हीसुद्धा सक्ती ठरते.

दुसरा निकाल जानेवारी २००० मधला. हावडा येथे रेल्वेच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला होता. ती परदेशी आहे, तिला भरपाई कशी देणार, असा आक्षेप घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कलम २१ चे संरक्षण परदेशी व्यक्तीलाही आहे असे सांगून कलकत्ता उच्च न्यायालयाने ठरविलेली १० लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि ती बांगलादेशच्या उच्चायुक्तांमार्फत तिला पोहोचविण्याचा आदेश दिला. “परदेशी आहे, काही मिळणार नाही” असे कोणी म्हटले, तर आपल्या कार्यकर्त्याने हा निकाल सांगावा.

मुंबईने घेतलेला धडा

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामाठीपुरा व आसपासच्या वस्तीत पोलिसांनी धाडी घातल्या आणि चारशेहून अधिक मुलींना बाहेर काढले. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. पुढे काय करायचे याची तयारी मात्र नव्हती. मुली महिनोन् महिने सुधारगृहांत अडकून पडल्या. त्यांच्या देशाच्या सरकारनेही त्यांना स्वीकारण्यास वेळ लावला. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला तेव्हा त्यांच्यापैकी शंभराहून अधिक जणी परत जाऊ शकल्या. सुटका एका रात्रीत होते, पुनर्वसनाला वर्षे लागतात, हे त्या वेळी मुंबईला कळले.

त्यानंतर ‘प्रेरणा’ या मुंबईतील संस्थेच्या याचिकेवर २००२ साली उच्च न्यायालयाने महत्त्वाचे आदेश दिले. सुटका झालेली मुलगी आरोपी नव्हे, पीडित आहे. अल्पवयीन असल्यास तिला बालकल्याण समितीपुढेच नेले पाहिजे. दलालाच्या वकिलानेच तिची बाजू मांडायची, हा प्रकारही चालणार नाही. १ मे २०१२ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळविले की, तपासात परदेशी स्त्री किंवा बालक तस्करीचे बळी आहे असे दिसून आल्यास पासपोर्ट नसल्याबद्दल त्यांच्यावर परकीय नागरिकांच्या कायद्याखाली खटला भरू नये. त्या वेळचा १९४६ चा कायदा जाऊन आता २०२५ चा नवा कायदा आलेला आहे. तरीही घुसखोर कोण आणि बळी कोण, याची चौकशी आधी झाली पाहिजे, हे तत्त्व आपण आग्रहाने धरले पाहिजे.

कोणत्या कागदाने कोणते दार उघडते?

मदत नागरिकत्वावर अवलंबून नसली तरी कागदाशिवाय मिळत नाही. मात्र तो कागद रेशनकार्ड नव्हे. तो अन्याय घडल्याची नोंद करणारा कागद होय. असे चार कागद आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

पहिला कागद : प्रथम खबर अहवाल, म्हणजेच एफ.आय.आर. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावा, अशी स्पष्ट तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मानवी तस्करीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ३७० खाली येत असे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली येतो. एफ.आय.आर. ची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून परतू नये.

दुसरा कागद : वैद्यकीय अहवाल. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातील पीडितेवर विनामूल्य व तातडीने उपचार करणे सरकारी व खाजगी सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. (संहितेचे कलम ३९७.) “आधी पैसे भरा”, “आधी पोलिसांकडे जा” असे म्हणण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही.

तिसरा कागद : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडील अर्ज. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार मानवी अपव्यापाराची किंवा वेठबिगारीची बळी ठरलेली व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. तद्वतच सर्व स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती पात्र आहेत. यांना उत्पन्नाची अट नाही. याच प्राधिकरणामार्फत भरपाईही मिळते. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरीही कलम ३९६ खाली पीडित व्यक्ती अर्ज करू शकते आणि त्याची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हायची असते. स्त्रियांसाठी २०१८ साली तयार झालेल्या राष्ट्रीय योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख व सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख रुपये ठरविलेले आहेत. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. २०१७ च्या सुधारणेनंतर तिची कमाल मर्यादा १० लाख झाली. केंद्रीय निधीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तस्करीच्या बळीच्या पुनर्वसनासाठी किमान १ लाख रुपये सांगितलेले आहेत. यातील मोठा भाग मुदत ठेवीत राहतो, सगळी रक्कम हातात येत नाही, हे पीडितेला आधीच समजावून सांगावे. नाहीतर मधल्याने पैसे खाल्ले असा तिचा गैरसमज होतो.

चौथा कागद : मुक्तता प्रमाणपत्र. वेठबिगारीतून सुटलेल्या प्रत्येकाला हा कागद जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडून मिळाला पाहिजे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपली आणि तिच्या पोटी असलेले कर्जही रद्द झाले. २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख, आणि कुंटणखाने, प्लेसमेंट एजन्सी किंवा तस्करीतून सुटलेल्या स्त्रिया-बालकांना तसेच तृतीयपंथी व अपंग व्यक्तींना ३ लाख रुपये अशी तरतूद आहे. पूर्ण रकमेला वेळ लागतो, म्हणून ३० हजार रुपयांपर्यंत तातडीची मदत ठेवलेली आहे. सुटका झाली, मजूर गावी पाठविले, पण हा एक कागद केला नाही, तर ही सगळी रक्कम बुडते. मग तोच मजूर पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडून पुन्हा उचल घेतो.

ॲट्रॉसिटी कायदा आणि परप्रांतीय पीडित

आपल्या वाचकांना १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा परिचित आहे. त्याखालील २०१६ च्या नियमांनुसार बलात्कारासाठी ५ लाख, सामूहिक बलात्कारासाठी सव्वा आठ लाख आणि वेठबिगारीसाठी १ लाख रुपयांचे साहाय्य आहे. ते टप्प्याटप्प्याने मिळते व पहिला टप्पा निकालाची वाट पाहत नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे.

परंतु झारखंडची आदिवासी मुलगी किंवा बिहारचा दलित मजूर मुंबईत आला तर? त्याची जात महाराष्ट्राच्या यादीत नसेल तर? नोकरीतील आरक्षण राज्याची सीमा ओलांडून येत नाही, हे खरे. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निर्णय दिला की, या कायद्याचे संरक्षण व्यक्तीबरोबर देशभर जाते. तेव्हा मूळ राज्याचा जातीचा दाखला मागवून तो ठाण्यात सादर करावा. इथल्या यादीत नाव नाही, एवढ्यावर माघार घेऊ नये.

एक उदाहरण

समजा, झारखंडमधून आणलेली सोळा वर्षांची आदिवासी मुलगी येथील एका इमारतीत रात्रंदिवस घरकाम करीत आहे. पगार एजंट नेतो, तिला बाहेर सोडत नाहीत, मारहाण होते. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा ११२ वर कोणी कळविले आणि तिची सुटका झाली. आता क्रम असा : तिला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करणे, तस्करी, वेठबिगारी व ॲट्रॉसिटी या तिन्ही कायद्यांची कलमे एफ.आय.आर. मध्ये लागली आहेत की नाहीत हे पाहणे, वैद्यकीय तपासणी, जिल्हाधिकाऱ्यांकडे मुक्तता प्रमाणपत्राची मागणी, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील व भरपाईचा अर्ज. प्लेसमेंट एजन्सीतून आणलेली असल्यास ती ३ लाखांच्या गटात येऊ शकते. या संपूर्ण क्रमात रेशनकार्ड कोठेही आलेले नाही! नुसता मारहाणीचा साधा गुन्हा नोंदवून तिला गाडीत बसवून दिले, तर मात्र तिच्या हाती तिकिटाखेरीज काहीच पडणार नाही.

मर्यादाही ओळखाव्यात

सगळेच सर्वांना मिळते असा भ्रम पसरविणे बरे नव्हे. स्वस्त धान्य, घरकुल, आरक्षण यांचे नियम वेगळे आहेत. दुसऱ्या राज्यातील शिधापत्रिकाधारकाला आज मुंबईतही धान्य घेता येते. परदेशी पीडितेला तसा मार्ग नाही. तिला निवारा, उपचार, वकील आणि सुरक्षित परतीची व्यवस्था एवढ्याचाच आधार आहे. अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने तस्करीच्या परदेशी बळींसाठी ‘टी’ व्हिसा निर्माण केला आणि त्यांना निर्वासितांच्या बरोबरीने शासकीय मदतीस पात्र ठरविले. तेथेही २०२५ मध्ये अन्नसाहाय्यासारख्या मदतीला कात्री लागली. दिलेला हक्क काढूनही घेतला जातो, हा यातील बोध. आपल्याकडे असा स्वतंत्र व्हिसा नाही. म्हणून घटनेतील ‘व्यक्ती’ हा शब्द हाच तिचा मोठा आधार आहे.

वेश्याव्यवसायातील स्त्रियांबाबत मात्र एक पाऊल पुढे पडले आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना किंवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्यांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधारकार्ड द्यावे.

आपण काय करावे?

प्रत्येक शाखेत दोन तरुणांनी, त्यांत एक तरुणी असावी, हे चार कागद पाठ करून ठेवावेत. १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि विधी सेवेसाठी १५१०० हे क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. पीडितेचे नाव, गाव, छायाचित्र कोठेही प्रसिद्ध करू नये. तो गुन्हा आहे. तिला प्रश्न विचारताना एकाने विचारावे, दहाजणांनी नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, “तू कुठली?” हा प्रश्न शेवटी विचारावा, “तुझ्यावर काय गुदरले?” हा आधी.

आपल्या वाडवडिलांनी ही मुंबई गाठली तेव्हा गावकुसाबाहेरच्या माणसाला कागद कोण देत होते? त्यांनी हक्क मिळविले ते माणूस म्हणून. तोच न्याय आपल्या दारी आलेल्या प्रत्येकाला लावणे हे आपले कर्तव्य होय, एवढेच आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो.