भांडारांचे पत्ते आणि सामायिक संक्षेपसूची

संशोधनपर ग्रंथाच्या आरंभी बहुधा एक संक्षेपसूची असते. ज्या साधनांचा उल्लेख शेकडो ठिकाणी यावयाचा असतो, त्यांची लांब नावे तेथे एकदाच नोंदवून पुढे सर्वत्र दोन-तीन अक्षरांवर काम भागविले जाते. यामुळे जागा वाचते हे उघडच आहे. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, मूळ साधनाचे स्थान बदलले तर दुरुस्ती एकाच पानावर करावी लागते. संगणकावर जतन होणाऱ्या लेखनासाठीही अशीच सोय आहे. कार्यालये, शाळा व अभिलेखागारे यांचे बरेचसे लेखन आता संगणकावर होत असल्यामुळे या सोयीचा परिचय उपयुक्त ठरेल.

भांडार आणि त्याचा पत्ता

एखाद्या मजकुरात कोणी, केव्हा व कोणता बदल केला, याची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. या कामासाठी आज सर्वाधिक प्रचारात असलेली ‘गिट’ ही प्रणाली लिनस टॉरवॉल्ड्स यांनी २००५ साली तयार केली. मजकूर व त्याचा इतिहास मिळून एक भांडार होते. काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ भांडाराची संपूर्ण प्रत असते, आणि ती प्रत जेथून आणली त्या दूरच्या संगणकाचा पत्ता त्या प्रतीतच नोंदलेला असतो. नवे बदल आणावयाचे किंवा आपले बदल पाठवावयाचे, ते याच पत्त्यावरून.

भांडार एकच असेल तर अडचण येत नाही. भांडारे चाळीस असली, आणि प्रत्येकीच्या प्रती दहा जणांकडे असल्या, तर तोच लांब पत्ता चारशे ठिकाणी लिहिला जातो. दूरचा संगणक बदलला की हे चारशे पत्ते एकाच दिवशी निरुपयोगी होतात. मजकूर सुरक्षित असतो, पण त्याकडे जाणारी वाट बुजते.

धार व देवास यांचे उदाहरण

पत्ता बदलला म्हणजे काय होते, हे माळव्यातील दोन मराठी संस्थानांच्या इतिहासावरून चांगले समजते. इंदूरच्या पश्चिमेस धार व ईशान्येस देवास. दोन्ही ठिकाणी पवार घराण्याची सत्ता होती. देवास येथे तुकोजी व जिवाजी या दोन बंधूंपासून दोन शाखा झाल्या. त्यांस थोरली पाती व धाकटी पाती असे म्हणत. नगर एक, परंतु राजे दोन, दरबार दोन आणि कारभारही दोन. त्यामुळे एखाद्या कागदावर केवळ ‘देवास दरबार’ एवढाच उल्लेख असला, तर तो कोणत्या पातीचा हे त्यावरून ठरत नाही.

पुढे २८ मे १९४८ रोजी मध्य भारत हे राज्य अस्तित्वात आले, आणि धार व देवासच्या दोन्ही पात्या त्यात विलीन झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही नव्या मध्य प्रदेशात समाविष्ट झाले. आठ-साडेआठ वर्षांच्या अवधीत वरिष्ठ सत्तेचे नाव दोनदा बदलले. जुन्या कागदांतील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले होते ते त्यांच्या माथ्यावरचे सत्तास्थान. ज्याच्यापाशी जुन्या नावांचा नव्या नावांशी मेळ घालणारी यादी असेल, त्यालाच अशा कागदाचा माग काढता येतो.

संक्षेपाचा नियम

आता अशी कल्पना करावी की, या संस्थानांच्या मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर करण्याचे काम काही शिक्षकांनी हाती घेतले आहे आणि प्रत्येक रुमालासाठी एक भांडार केले आहे. भांडारे ज्या संगणकावर आहेत त्याच्या पत्त्याचा आरंभीचा भाग सर्वत्र समान राहील. केवळ शेवटी रुमालाचे नाव वेगळे असेल.

हा समान भाग गिटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकदा नोंदविता येतो. त्यासाठी ‘यूआरएल’ या विभागात पूर्ण पत्त्याचा आरंभ लिहून त्याखाली ‘इन्स्टेडऑफ’, म्हणजे ‘याच्या ऐवजी’, या शब्दापुढे संक्षेप द्यावयाचा असतो. संक्षेप ‘धार:’ असा ठरविला, तर ‘धार:रुमाल-७’ एवढे लिहिल्याने गिट ‘धार:’ काढून तेथे पूर्ण पत्ता घालते व सातव्या रुमालाच्या भांडारापर्यंत पोहोचते. अशा रीतीने आणलेल्या प्रतीमध्ये पत्ता म्हणून संक्षेपच नोंदला जातो. साहजिकच, उद्या संगणक बदलला तरी सेटिंगमधील एक ओळ दुरुस्त केली की सर्व प्रती नव्या ठिकाणाशी जोडल्या जातात.

ज्या प्रतींमध्ये पूर्वीच लांब पत्ते लिहिले गेले आहेत, त्यांचीही सोय होते. नव्या पत्त्याखाली एकाहून अधिक ‘इन्स्टेडऑफ’ देता येतात. त्यांतील एक म्हणून जुन्या पत्त्याचा आरंभ लिहिला की जुने पत्ते आपोआप नव्या ठिकाणी वळतात. मात्र ही अदलाबदल एकदाच होते. एका संक्षेपाचा अर्थ दुसरा संक्षेप असा दिल्यास काम होत नाही. प्रत्येक संक्षेपापुढे पूर्ण पत्ताच पाहिजे.

धार आणि धारवाड

गिट शब्दाचा अर्थ पाहत नाही. आरंभीची अक्षरे जुळतात की नाही एवढेच पाहते. त्यामुळे संक्षेप नुसता ‘धार’ असा ठेवला, तर ‘धारवाड’ने सुरू होणारा पत्ताही त्याच्या तावडीत सापडेल आणि कर्नाटकातील भांडाराचा शोध माळव्यात सुरू होईल. यास्तव संक्षेपाच्या शेवटी विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह अवश्य द्यावे. ‘धार:’ आणि ‘धारवाड:’ यांत गोंधळ होत नाही.

एका पत्त्यास दोन संक्षेप लागू पडत असतील, तर त्यांपैकी अधिक लांब जुळणारा ग्राह्य धरला जातो. ‘देवास:’ असा सर्वसाधारण संक्षेप ठेवून ‘देवास:धाकटी/’ असा दुसरा नोंदविला, तर धाकट्या पातीची भांडारे त्यांच्या स्वतंत्र ठिकाणी मिळतात व उरलेली पहिल्या ठिकाणी. तथापि, दोन पात्यांचा इतिहास लक्षात घेता ‘देवास-थोरली:’ व ‘देवास-धाकटी:’ असे दोन स्पष्ट संक्षेप ठेवणे अधिक श्रेयस्कर होय. विशेषाचा उल्लेख राहून गेला तर यंत्र मुकाट्याने सामान्य नियम लावते, आणि चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सूची सामायिक कशी ठेवावी

गिटची सेटिंग तीन पातळ्यांवर असते : संपूर्ण संगणकाची, त्यावरील एका वापरकर्त्याची आणि एकेका भांडाराची. संक्षेप भांडाराच्या पातळीवर लिहिल्यास पुन्हा चाळीस ठिकाणी लिहावे लागतात. म्हणून ते वापरकर्त्याच्या किंवा संगणकाच्या पातळीवर असावेत.

अनेक व्यक्ती मिळून काम करीत असतील, तर सर्व संक्षेप एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ती फाइल एका छोट्या भांडारात ठेवावी. प्रत्येकाने ते भांडार आपल्या संगणकावर आणावे आणि स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘इन्क्लूड’ या विभागात त्या फाइलचे ठिकाण लिहावे. सूचीत बदल झाला की प्रत्येकाने नवी प्रत आणली म्हणजे पुरे. या सूचीच्या भांडाराचा पत्ता मात्र पूर्ण लिहावा. तोही संक्षेपाने लिहिला, तर सूची मिळाल्याखेरीज सूचीकडे जाता येणार नाही.

भांडाराबरोबर त्याची सेटिंग आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. ही उणीव नसून हेतुपुरस्सर ठेवलेले संरक्षण आहे. अन्यथा परक्या भांडाराची प्रत घेताच त्यातील सूचना आपल्या यंत्रावर लागू झाल्या असत्या. म्हणून ‘इन्क्लूड’ची ओळ प्रत्येकाने समजून-उमजून लिहावयाची असते. सामायिक सूची बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्वांच्या वाटा असतात. तो अधिकार मोजक्या व विश्वासू व्यक्तींकडेच असावा.

काही दक्षता

१. वाचण्याची व लिहिण्याची वाट वेगळी ठेवावयाची असल्यास ‘पुशइन्स्टेडऑफ’ हा नियम आहे. तो केवळ बदल पाठविताना लागू होतो. मात्र एखाद्या प्रतीत पाठविण्याचा पत्ता स्वतंत्रपणे नोंदला असेल, तर हा नियम तेथे चालत नाही.

२. कोणता पत्ता प्रत्यक्षात वापरला जाणार हे ‘गिट रिमोट’ या आज्ञेस ‘व्ही’ हा पर्याय जोडला असता दिसते. तेथे विस्तार झालेला पूर्ण पत्ता येतो. सूची बदलल्यावर ही पडताळणी चुकवू नये.

३. छापील अहवालात, परिपत्रकात किंवा बाहेरच्या व्यक्तीस पाठविलेल्या पत्रात संक्षेप लिहू नये. ज्याच्यापाशी सूची नाही, त्याचे यंत्र ‘धार’ नावाचा संगणक शोधू लागते आणि तो न सापडल्याचे कळविते.

४. आज्ञा व नियमांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावी लागतात. येथे ती उच्चारानुसार दिली आहेत. संक्षेप देवनागरीत ठेवता येतो, परंतु सर्वांनी तो अक्षरशः सारखाच टंकणे आवश्यक आहे.

संस्थाने विलीन झाली तेव्हा कागद कोठून कोठे गेले, याची यादी ठेवणारा एखादा दप्तरदार पुढच्या अभ्यासकांची कित्येक वर्षे वाचवून गेला असेल. संगणकांची आयुष्ये संस्थानांपेक्षा पुष्कळच कमी असतात. आज ज्या ठिकाणी भांडार आहे तेथे ते दहा वर्षांनी असेलच, असे धरून चालता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच संक्षेपसूची तयार करावी, तिच्यातील प्रत्येक बदलाचे कारण व दिनांक लिहून ठेवावेत, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी कोणाकडे आहे हे लेखी ठरवावे.