'आणि', 'किंवा', 'नाही' : बूलच्या बीजगणिताची ओळख

जे वाक्य निश्चितपणे सत्य किंवा असत्य ठरविता येते, त्यास तर्कशास्त्रात 'विधान' म्हणतात. 'नागपूर महाराष्ट्रात आहे' हे विधान होय. 'दार लाव' ही आज्ञा असल्याने विधान नव्हे. सत्य विधानास १ व असत्य विधानास ० हे मूल्य दिले, की विधानांचे गणित मांडता येते. या गणिताचा पाया जॉर्ज बूल यांनी घातला. १८१५ साली इंग्लंडमधील लिंकन येथे, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. विद्यापीठात न शिकता, स्वाध्यायाच्या बळावर ते गणिती झाले. त्यांचा या विषयावरील प्रमुख ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला.

आज रूढ असलेल्या मांडणीत मूलभूत क्रिया तीन आहेत. 'आणि' म्हणजे गुणाकार : दोन्ही विधाने सत्य असतील तरच उत्तर १. 'किंवा' म्हणजे बेरीज; मात्र येथे १ + १ = १, कारण सत्याहून अधिक सत्य असे काही नसते. 'नाही' ही क्रिया १ चे ० आणि ० चे १ करते.

आता नित्याचे उदाहरण घेऊ. अर्जावर अट आहे : 'उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला जोडावा.' पहिला दाखला जोडला आहे, हे विधान 'क'; दुसरा जोडला आहे, हे 'ख' मानू.

क = १, ख = १ : अट पूर्ण
क = १, ख = ० : अट अपूर्ण
क = ०, ख = १ : अट अपूर्ण
क = ०, ख = ० : अट अपूर्ण

म्हणजे '(क आणि ख) नाही' याचा अर्थ 'क नाही किंवा ख नाही' असा होतो. याउलट '(क किंवा ख) नाही' म्हणजे 'क नाही आणि ख नाही'. हे नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखले जातात. त्यांचा जन्म १८०६ साली मदुराई येथे झाला होता. अटीत 'शिधापत्रिका किंवा वीजबिल' असे असेल, तर केवळ वीजबिल नाही म्हणून अर्ज नाकारणे तर्काला धरून नाही. तो एक शब्द दाखवून आपला हक्क मागता येतो.

'सर्व' हा शब्द म्हणजे 'आणि'ची लांब साखळीच. 'या वस्तीतील सर्व मुले अभ्यासात मागे आहेत' या विधानाचा नकार 'सर्व मुले पुढे आहेत' असा नसून 'निदान एक मूल मागे नाही' असा आहे. म्हणून असे एकच मूल दाखविले, तरी ते विधान असत्य ठरते. आपल्याविषयी सरसकट बोलले जाते, तेव्हा हे गणित आपण स्मरणात ठेवावे.

स्वाध्याय : 'वाचनालय शनिवारी आणि रविवारी उघडे असते' या विधानाचा नकार लिहा. पालकांनीही मुलांसोबत तो सोडवावा, अशी आमची विनंती आहे.