पाठ ९ : घर आपले, जमीन दुसऱ्याची
अमेरिकेतील जुने मोबाइल होम घेण्यापूर्वी

अमेरिकेत राहणारा एखादा नातेवाईक कधी सुचवतो, "इथे वीस हजार डॉलरला अख्खे घर मिळते. सगळे मिळून घेऊ आणि भाड्याने देऊ." रक्कम ऐकून मोह होतो. अशा वेळी काय तपासावे, ते या पाठात पाहू.

मोबाइल होम म्हणजे काय?

हे घर कारखान्यात पोलादी सांगाड्यावर तयार होते आणि चाकांवर ओढत जागेवर आणले जाते. नाव मोबाइल असले तरी एकदा बसवलेले घर सहसा पुन्हा हलत नाही. यातील पुष्कळ घरे 'पार्क'मध्ये असतात. पार्क म्हणजे एका मालकाची मोठी जमीन. तिचे लहान तुकडे पाडून तो घरमालकांना भाड्याने देतो. म्हणजे घर घेणारा भिंतींचा आणि छपराचा मालक होतो, पण जमिनीचा भाडेकरूच राहतो. त्याला दरमहा जागाभाडे भरावे लागते.

अनेक राज्यांत अशा घराला मोटारीसारखा मालकीचा दाखला असतो आणि ते जंगम मालमत्ता धरले जाते. त्यामुळे नेहमीचे गृहकर्ज मिळणे कठीण जाते. जे कर्ज मिळते, ते बहुधा कमी मुदतीचे आणि जास्त व्याजाचे असते.

घर स्वस्त का?

घराची किंमत वाढते, तेव्हा मुख्यतः जमिनीचे मोल वाढलेले असते. बांधकाम तर दरवर्षी झिजते. इथे वाढणारा भाग पार्कमालकाकडे आणि झिजणारा भाग आपल्याकडे येतो.

घराचे वयही महत्त्वाचे आहे. अशा घरांसाठी केंद्र सरकारचे बांधकाम व सुरक्षा नियम १५ जून १९७६ पासून लागू झाले. नियमांनुसार बांधलेल्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून लाल धातूची पट्टी असते. त्याआधीच्या घरांना विमा आणि कर्ज मिळणे अवघड जाते. घर दुसरीकडे न्यायचे तर हजारो डॉलर खर्च येतो आणि फार जुने घर अनेक पार्क घेतच नाहीत.

हिशेब करून पाहू

खालील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

घराची किंमत २०,००० डॉलर. महिन्याचे घरभाडे १,००० डॉलर. त्यातून जागाभाडे ५०० आणि विमा, कर व दुरुस्तीचे २०० वजा करू. हाती उरतात ३०० डॉलर, म्हणजे वर्षाला ३,६००. गुंतवणुकीवर १८ टक्के! प्रस्ताव मांडणारा इथेच थांबतो.

आता तिसरे वर्ष पाहू. जागाभाडे दरवर्षी ५० डॉलरने वाढून ६०० झाले. घरभाडे तेवढेच राहिले आणि दोन महिने घर रिकामे पडले.

घरभाडे, १० महिने : १०,००० डॉलर
जागाभाडे, १२ महिने : ७,२०० डॉलर
इतर खर्च : २,४०० डॉलर
शिल्लक : ४०० डॉलर

म्हणजे फक्त २ टक्के. घर रिकामे असले तरी जागाभाडे चुकत नाही. त्याच वर्षी छप्पर बदलावे लागले, तर पदरचे पैसे घालावे लागतील. जागाभाडे फार वाढले म्हणून घर उचलून नेता येत नाही. ही गोष्ट पार्कमालकालाही ठाऊक असते.

पैसे देण्यापूर्वी विचारा

१. पार्कच्या नियमांत घर भाड्याने देण्याची परवानगी आहे का? अनेक पार्कमध्ये ती नसते. ती नसेल, तर वरचा सगळा हिशेबच मोडतो.
२. नवीन खरेदीदाराला पार्कमालकाची मंजुरी लागते का?
३. मागील पाच वर्षांत जागाभाडे किती वाढले? करार किती मुदतीचा आहे?
४. मालकीचा दाखला विकणाऱ्याच्याच नावावर आहे का? त्यावर कर्ज किंवा कर थकलेला आहे का?
५. पार्क विकले किंवा बंद झाले, तर त्या राज्याच्या कायद्याने किती दिवसांची नोटीस आणि कोणती भरपाई मिळते?

उत्तरे लेखी घ्या. काही ठिकाणी रहिवाशांनीच सहकारी संस्था काढून पार्क विकत घेतले आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात १९८० च्या दशकापासून असे घडत आले आहे. तिथे जागाभाडे सभासद ठरवतात. मात्र अशा संस्था सहसा स्वतः राहणाऱ्यांसाठी असतात.

भारतात राहणाऱ्यांनी

परदेशी रक्कम पाठवायची ती अधिकृत बँकेमार्फतच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. परदेशातील मालमत्ता आणि तिचे भाडे प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावे लागते. पैसे आपले आणि दाखला नातेवाइकाच्या नावावर, असा व्यवहार तोंडी करू नका.

लक्षात ठेवा

स्वतः राहण्यासाठी असे घर सोयीचे ठरू शकते, कारण तिथे वाचलेले भाडे हाच फायदा असतो. गुंतवणूक म्हणून पाहताना मात्र पहिला प्रश्न जमिनीचा. आपल्याकडेही सदनिका घेतल्यावर जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, हे विचारावेच लागते.

स्वाध्याय : वरच्या उदाहरणात पाच वर्षांनी घर १२,००० डॉलरला विकले गेले, तर मुद्दलात किती घट झाली? ती भरून निघण्यासाठी दरवर्षी किती रक्कम शिल्लक पडायला हवी होती?
(उत्तर : ८,००० डॉलर, दरवर्षी १,६०० डॉलर.)