गॅलरी खोलीत घेण्यापूर्वी

महाराष्ट्रातील शहरी सदनिकांत दिवाणखाना मोठा करण्याचा सर्वांत रूढ उपाय म्हणजे गॅलरी खोलीत घेणे. मधले दार आणि त्यालगतची भिंत काढली जाते व कठड्यावर सरकत्या काचा बसवल्या जातात. ज्या घरांत कुंड्या आहेत तेथे या एका फेरफाराने झाडांचे जेवढे नुकसान होते, तेवढे खतापाण्याच्या हेळसांडीनेही होत नाही. हे नुकसान सावकाश होत असल्यामुळे त्याचे कारण मातीत, किडीत किंवा रोपवाटिकेच्या दर्जात शोधले जाते, आणि खोली उजळ दिसत असल्यामुळे प्रकाशावर कोणाचा संशय जात नाही.

पुण्यातील एका सदनिकेत हेच घडले. पूर्वेकडील उघड्या गॅलरीत तुळस, जास्वंद आणि मोगरा अनेक वर्षे जोमाने वाढत होते. नूतनीकरणात गॅलरी आत घेतली गेली, उष्णता कमी यावी म्हणून करड्या छटेची काच निवडली गेली, आणि कुंड्या काचेपासून दूर, आतल्या भिंतीलगतच्या लाकडी मांडणीवर गेल्या. पुढच्या हंगामात मोगऱ्याला कळ्या धरल्या नाहीत, जास्वंदीच्या फांद्या काचेकडे झुकत लांबल्या, त्यांच्या पेरांमधले अंतर वाढले आणि नवी पाने लहान येऊ लागली. घरच्यांनी पोषण कमी पडते असा अर्थ काढून खताबरोबर पाणीही वाढवले. पावसाळा लागल्यावर माती वाळेनाशी झाली, मुळे कुजली आणि सर्वांत आधी तुळस गेली. पेरे लांबणे ही प्रकाश शोधणाऱ्या झाडाची खूण असते, आणि कमी प्रकाशातले झाड पाणीही कमी ओढते, हे माहीत असते तर त्या घराने नेमके उलट केले असते.

या गफलतीचे मूळ मानवी डोळ्याच्या क्षमतेत आहे. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे 1,00,000 लक्स इतका प्रकाश असतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक आहे), तर खोलीत खिडकीपासून तीन-चार मीटर आत तो बहुधा काही शेकड्यांवर उतरलेला असतो. डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टिपटल अधिक संवेदनशील होते आणि माणसाला ही घट जवळपास जाणवत नाही; पानाला मात्र अशी सोय नाही. ज्या प्रकाशात पानाने तयार केलेले अन्न आणि श्वसनात खर्च झालेले अन्न सारखेच भरते, त्या पातळीला प्रकाशाचा समतोलबिंदू म्हणतात. त्याखाली झाड साठवणीवर जगते, आणि ती साठवण काही आठवडे, कधी काही महिने पुरत असल्यामुळे ऱ्हास उशिरा दिसतो.

म्हणून कुंडीची जागा ठरवताना खोली उजळ आहे का असे न विचारता, त्या पानाच्या उंचीवरून आकाश किती दिसते असे विचारावे. डोळा पानाच्या पातळीवर नेऊन पाहिल्यावर समोर केवळ शेजारच्या इमारतीची भिंत दिसत असेल, तर तेथे झेडझेड, सान्सेव्हिएरिया किंवा अ‍ॅग्लोनिमा यांसारखी अल्प प्रकाश सोसणारी झाडेच ठेवावीत. दुपारी पांढऱ्या कागदावर हातभर उंचीवरून तळहात धरून पाहिल्यास सावली कडक उमटते, धूसर उमटते की उमटतच नाही, यावरूनही पुरेसा अंदाज येतो. तुळस, जास्वंद आणि मोगरा यांना रोज काही तास थेट ऊन लागते, आणि ते देता येत नसेल तर ही झाडे घरात आणू नयेत.

दिशांचा विचारही स्थानिक अक्षांशानुसार व्हायला हवा. पुणे आणि मुंबई साधारण 18.5 ते 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो (या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात), तर डिसेंबरच्या अखेरीस तो मध्यान्हीलाही दक्षिणेकडे सुमारे 48 अंशांवरच राहतो. परिणामी दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर येते, आणि उन्हाळ्यातील उंच सूर्याला साधा छज्जाही अडवतो. पश्चिमेला छज्जा अपुरा पडतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत तिसऱ्या प्रहराचे तिरपे ऊन त्याखालून आत शिरते. तेथे बांबूचे चिक किंवा जाळीवर चढवलेला वेल असा उभा आडोसाच उपयोगी पडतो.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील कांचनजंगा या 1983 मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत हा प्रश्न मोठ्या आस्थेने हाताळला. पश्चिमेकडून समुद्राचा वारा आणि देखावा येतो, पण तिकडूनच दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा येतो, म्हणून त्यांनी मुख्य खोल्यांपुढे दुमजली उंचीच्या, कोपऱ्यांत खोल कोरलेल्या बागवजा गच्च्या ठेवल्या. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यामागचा विचारही हाच होता. उघडी गॅलरी हा त्या व्हरांड्याचा उरलेला अंश आहे आणि तो काचेने बंद करणे हा फार महाग सौदा आहे.

वाऱ्याचा हिशेबही त्यातच बिघडतो. दोन पट्ट्यांवर सरकणारी खिडकी जास्तीत जास्त अर्धीच उघडते. शिवाय हवेला आत येण्याबरोबर बाहेर पडण्याचीही वाट लागते, त्यामुळे समोरच्या किंवा लगतच्या भिंतीत दुसरी खिडकी अथवा छताजवळ झरोका नसेल तर वारा खेळत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश उघडीप सुचवते. कोंदट हवेत पानांवर पिठ्या ढेकूण आणि बुरशी बळावते.

झाडेच घरातील हवा शुद्ध करतील ही समजूत मात्र सोडून द्यावी. या समजुतीचा आधार असलेला नासाचा 1989 चा प्रसिद्ध अभ्यास लहान, बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा इमारतीतील नेहमीच्या हवा-बदलाची बरोबरी करण्यासाठी प्रत्येक चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडे लागतील असे दिसून आले.

त्या पुण्याच्या घराने पुढे सरकत्या काचांच्या जागी पूर्ण उघडणारी, रंगहीन काचेची दारे बसवली आणि उन्हाची झाडे कठड्यालगत आणली. जास्वंद पुन्हा फुलू लागली. मांडणीवरच्या जागेत सान्सेव्हिएरिया टिकले आहे, आणि पावसाळ्यात बोटभर खोल माती कोरडी लागल्याशिवाय तेथे पाणी घातले जात नाही. कुंडीखालच्या ताटल्या मात्र दर आठवड्याला रिकाम्या करून घासाव्या लागतात, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ते प्रौढ ही वाढ साचलेल्या पाण्यात सुमारे आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. ज्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे त्यांनी गॅलरीची फरशी बसवण्यापूर्वीच जलरोधन आणि पाणी वाहून जाण्यापुरता उतार करून घ्यावा, म्हणजे ताटल्यांची गरजच पडत नाही आणि खालच्या मजल्याच्या छतात पाणी झिरपत नाही.