दर्यावरची शेती व तिचा हिशेब

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला. त्यामुळें मच्छीमारांस वीज व कर्ज शेतीच्या दरानें मिळावयाचें ठरलें. हें ऐकून विट्याकडील कित्येक गृहस्थ विचारतात कीं, ज्याच्या नांवें सातबारा नाहीं तो शेतकरी कसा? सातबाऱ्याच्या नकला करण्यांतच आमची नोकरी गेली. म्हणून या शंकेचें उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम खर्च पाहूं. दापोली तालुक्यांत सुवर्णदुर्गाजवळ हर्णै बंदर आहे. तेथें मासळीचा लिलाव किनाऱ्यावर वाळूंतच होतो. आपण पेरणीआधीं बीं घेतों, तसा जाळें, डिझेल, बर्फ व खलाशांचा शिधा हा खर्च होडी सुटण्यापूर्वींच करावा लागतो. विक्रींतून तो वजा जातां जें उरेल तें होडीमालक व खलाशी वाट्यानें घेतात. मासळी लागली नाहीं तर खर्च अंगावर. उदंड लागली तर भाव उतरतो. माल लौकर नासणारा, म्हणून थांबतां येत नाहीं. त्यांत व्यापाऱ्याची उचल घेतलेली असेल तर भावाविषयीं बोलण्यास तोंडच उरत नाहीं. भाजीपाला पिकविणाऱ्या आमच्या बंधूंस हें समजावून सांगावयास नको.

आतां एका होडीवर किती घरें चालतात तें पाहा. जाळीं विणणारे, बर्फवाले, टोपल्या वाहणारे आणि बाजार संभाळणाऱ्या कोळणी, या सर्वांची चूल तीवर पेटते. कांहीं मासळी सुकवितात. तीच सुकट व बोंबील होऊन घाट चढते व आपल्या आठवडी बाजारांत येते. खाण्याजोगी नसेल तिचें खत होतें. त्यांत शेंकडा ४ ते १० भाग नत्र असतें. शेणखतांत तें सुमारें अर्धा भागच असतें.

एक गोष्ट मात्र आपणही शिकण्यासारखी आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. कारण पुष्कळ मासळीच्या विणीचा तो काळ होय. मिळकत बंद, पण घर चालूच. तरीही ही कळ सोसावी लागते. बियाण्याची कणगी फोडून खाणाऱ्याचें शेत पडीक राहतें. बारीक डोळ्यांच्या जाळ्यानें पिलें उपसणाऱ्याचा दर्याही तसाच रिता होतो.

सारांश, मच्छीमारास सातबारा नाहीं; पण पीक, जोखीम व कर्ज हीं तिन्ही आहेत. शीतगृह व चोख लिलाव मागतांना आपला व त्याचा अर्ज एकच आहे, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.